घरच्या काकडीची ओळ वेगळी कशाला?



मागच्या आठवड्यात एका दोस्ताच्या शेडनेटवर गेलो होतो. दहा गुंठ्यांचं शेडनेट, काकडी ऐन तोड्यात, वेली सुतळीवर डोक्याच्या वर गेलेल्या. बघून बरं वाटलं. बोलता बोलता हाताशी आलेली एक काकडी तोडली, शर्टाला पुसली आणि तोंडात घालणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला. म्हणाला, "थांब, ती नको. ती बाजाराची. घरच्या तिकडं आहेत."

दाराजवळच्या कोपऱ्यात सहा-सात वेली होत्या. शेजारच्या खांबाला लाल चिंधी बांधलेली. मजुराला खूण म्हणून. फवारा मारत आला की चिंधीपाशी थांबायचं.

मी त्याला तिथं काही बोललो नाही. पाहुणा म्हणून गेलो होतो, चहा पिऊन आलो. पण तेव्हापासून ती चिंधी डोळ्यापुढून हलत नाही. म्हणून आज लिहितोय. कोणाला झोंबलं तर झोंबू दे. मलाही झोंबलेलंच आहे, ते पुढं येईलच.

पहिली गोष्ट, ती चिंधी फवाऱ्याला दिसत नाही. उघड्या रानात वारा तरी असतो. चाळीस मेशची जाळी चारी बाजूंनी लावलेल्या शेडमध्ये फवाऱ्याचं धुकं तसंच लटकत राहतं आणि सावकाश सगळीकडं बसतं. सहा-सात वेलींची ओळ त्यातून कोरडी कशी राहणार? शिवाय औषध काय फक्त पंपातूनच जातं का? आळवणी ठिबकमधून सोडतो आपण. घरच्या ओळीला काय वेगळी लॅटरल आहे? व्हेंच्युरीत टाकलेलं औषध चिंधी बघून वळण घेत नाही. म्हणजे घरच्यांना वाचवलं ही नुसती मनाची समजूत. आणि बाजारातल्यांना काय देतोय हे मात्र आपल्याला पक्कं माहीत आहे. नसतं, तर चिंधी बांधलीच नसती.

आता हिशोब मांडतो. कृषी सहायक आणि कंपन्यांच्या सल्लागार मंडळींनीही बघावा.

काकडी हे रोज किंवा एक दिवसाआड तोडायचं पीक आहे. लावल्यापासून पस्तीस-चाळीस दिवसांत पहिला तोडा, आणि तिथून दोन-अडीच महिने तोडाच तोडा. उन्हाळ्यात तर आज बोटाएवढी दिसलेली काकडी दोन-तीन दिवसांत वीतभर होते. थांबलात तर जून होते, बी धरते, आणि जून फळ वेलीवर राहिलं की वरची कळी गळते. थांबायची सोयच नाही.

दुसऱ्या बाजूला औषधाची बाटली. तिच्या माहितीपत्रकावर बारीक अक्षरात एक रकाना असतो, शेवटची फवारणी आणि काढणी यातल्या दिवसांचा. प्रतीक्षा कालावधी म्हणा नाहीतर पीएचआय म्हणा. कुठं तीन दिवस, कुठं पाच, कुठं सात, कुठं त्याहून जास्त. आणि दुकानातून मिळालेलं शेड्यूल काय सांगतं? दर पाचव्या दिवशी फवारणी.

समजा औषधाला पाच दिवस लिहिलेत. सोमवारी संध्याकाळी मारलं. लेबल पाळायचं तर शनिवारी संध्याकाळपर्यंत तोडा नाही. शनिवारी संध्याकाळी शेड्यूलप्रमाणे पुढची फवारणी. मग तोडायचं कधी? एकही दिवस शिल्लक राहत नाही! म्हणजे हे शेड्यूल छापणाऱ्याने काकडी तोडायची असते हे धरलेलंच नाही. किंवा धरलंय आणि लेबल कोणी पाळत नाही हेही धरलंय. दोन्हीपैकी काय खरं, ते त्यांनीच सांगावं.

बरं, आपल्याला पीएचआय माहीत नाही असं कोणी म्हणू नये. मी नाशिक जिल्ह्यातला आहे. आमच्याकडं निर्यातीचा द्राक्षबागायतदार पीएचआयचे दिवस बोटावर मोजून सांगतो. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी देतं, त्यात प्रत्येकापुढं दिवस लिहिलेले असतात. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा बागायतदारांची काय हालत झाली ते अजून लोक सांगतात. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत कोणी ढिलाई करत नाही. म्हणजे जर्मनीतल्या बाईसाठी आपण दिवस मोजतो. घरच्यांसाठी चिंधी बांधतो. राहिला कोण? आपल्याच तालुक्याच्या बाजारात पावशेर काकडी घेणारा, जो घरी जाऊन मीठ लावून कच्ची खाणार. द्राक्षाला निदान तपासणी आहे. काकडीच्या क्रेटला कोणी विचारत नाही.

"धुऊन खातात की लोक," असंही उत्तर मिळतं. आंतरप्रवाही औषध धुऊन जात नसतं मंडळी. ते वेलीच्या अंगात गेलेलं असतं, म्हणून तर त्याला आंतरप्रवाही म्हणतात.

आता माझं सांगतो. घरामागं माझं छोटं शेड आहे, तीस बाय तेहतीस फूट, गुंठ्याला थोडं कमी. वर पन्नास टक्के शेडनेट, बाजूला कीटकरोधक जाळी, आत 180 वेली. घरच्यासाठी म्हणून उभं केलं, उरलं तर विकायचं. पहिल्या वर्षी मीही शेड्यूल आणलं आणि भिंतीला चिकटवलं. हंगामात चौदा फवारण्या केल्या. एका संध्याकाळी फवारलं आणि कोणाला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहुणे आले. आईने शेडमधून चार काकड्या आणल्या, चोचवल्या, दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली. ताटावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं. सगळ्यांनी खाल्ली होती, धाकट्या पोरीने दोनदा मागून घेतली होती. कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी ताटावर मी तोंड उघडून सांगितलंही नाही, याची लाज अजून आहे.

घरामागच्या गुंठ्यात चिंधी बांधायला जागा नसते. सगळीच ओळ घरची. म्हणून मला विचार करावा लागला की त्या चौदा फवारण्या नेमक्या कशावर केल्या होत्या. वही काढून बसलो. जे निघालं ते ऐका.

तीन फवारण्या फळधारणेच्या टॉनिकच्या. कळी लागायची, मागं बोटाएवढी काकडी दिसायची, पिवळी पडून गळायची. दुकानदार म्हणाला, "दादा, फळ सेट होत नाहीये, हे मारा." खरं कारण काय होतं? बी मी उघड्या रानातलं लावलं होतं. त्या वेलीवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि नराचा पराग मादीवर नेणारी मधमाशी मी स्वतःच जाळी लावून बाहेर ठेवली होती! बाटलीतलं कुठलं टॉनिक मधमाशीचं काम करणार? जाळीच्या शेडमध्ये परागीभवनाशिवाय फळ धरणारं बीच लागतं, पार्थेनोकार्पिक. दिल्लीच्या पुसा संस्थेची सीडलेस काकडी-6 आहे, पंतनगरची पार्थेनोकार्पिक 2 आणि 3 आहे, खाजगी कंपन्यांची तर कितीतरी. या वेलींवर जवळपास सगळी फुलं मादीच, आणि माशीची गरज नाही. आपल्या राहुरीच्या हिमांगी, फुले शुभांगी उत्तम, पण त्यांची जागा उघड्या रानात, जिथं माशी येते. खाजगी बी महाग पडतं, हे खरं. तीन टॉनिकचा खर्च त्याच्या शेजारी लिहून बघा. आणि चुकून साधं बी लावलंच असेल, तर सकाळी दहाच्या आत नर फूल तोडून मादीवर हाताने फिरवा. पाच-पंचवीस वेलींना सहज जमतं, घरातली पोरं हौसेने करतात.

पुढं वहीत दोन आळवण्या, मूळकुजीच्या म्हणून. दुपारी वेली माना टाकायच्या, संध्याकाळी पुन्हा ताठ. दोनदा बुरशीनाशक सोडलं, काही फरक नाही. शेवटी चिडून एक वेल उपटली तर मुळांवर ओल्या हळदीसारख्या गाठी. सूत्रकृमी. बुरशीचा तिथं संबंधच नव्हता. सुरुवातीलाच एक वेल उपटून बघितली असती तर दोन आळवण्या वाचल्या असत्या. शेडमधल्या त्याच मातीत काकडीवर काकडी घेतली की हा येणारच. आणि फेरपालट म्हणून टोमॅटो किंवा ढोबळी लावणाऱ्यांनी लक्षात घ्या, त्यांच्या मुळांवरही तोच बसतो. मी एक हंगाम दाट झेंडू घेतला. मे महिन्यात बेड ओले करून पारदर्शक प्लास्टिकने सहा आठवडे झाकून ठेवले, कडा मातीने दाबून. नंतर निंबोळी पेंड आणि शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा. सूत्रकृमी शून्य झाला असं म्हणणार नाही. वेली मात्र आता दुपारी उभ्या असतात.

आणि चार फवारण्या लाल कोळीच्या. यातली गंमत बघा. पांढऱ्या माशीवर मी आधी पायरेथ्रॉइड गटातलं औषध दोनदा मारलं होतं. त्याने पांढरी माशी थोडी गेली, पण कोळी खाणाऱ्या मित्रकिडी साफ गेल्या. वर कोरडं ऊन. पंधरा दिवसांत पानाखाली जाळी धरली. म्हणजे मी पैसे देऊन कोळी आणला, आणि मग तो मारायला पुन्हा पैसे दिले. हे कृषी पदवीधरांना शिकवलेलं असतं. दुकानाच्या गल्ल्यावर बसलं की विसरायला होत असावं.

तीन अन् दोन अन् चार, कोळी आणणाऱ्या दोन, झाल्या अकरा. चौदातल्या अकरा एकतर ज्याला औषधच नाही अशा गोष्टीवर, नाहीतर आधीच्या औषधाने उठवलेल्या किडीवर! उरलेल्या तीन केवड्यावरच्या. त्या खऱ्या होत्या.

केवड्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण "तुमचं सगळं ठीक, केवडा आला की काय करता?" हा प्रश्न येणारच, आणि रास्त आहे. केवड्याला पानावर ओल लागते. पानावर शिरांच्या आत बसलेले कोनाकोनाचे पिवळे डाग, सकाळी पान उलटून बघितलं तर करडी-जांभळट बुरशी. ही ओल येते कुठून? वरून पाणी मारल्याने, संध्याकाळी उशिरा ठिबक चालवल्याने, आणि दाट वेलींमुळं. तीस फुटांच्या शेडमध्ये अडीचशे वेली कोंबायच्या आणि मग हवा खेळत नाही म्हणून बुरशीनाशक मारायचं, हे मी केलेलं आहे. आता 180 च्या वर जात नाही. प्रत्येक वेल एका खोडावर, खालच्या फूट-दीड फुटातल्या कळ्या आणि बगलफुटी खुडून टाकतो. तोडा वर सरकला की खालची म्हातारी पानं काढून शेडबाहेर नेतो, आत टाकत नाही. पाणी सकाळीच. एवढ्याने केवडा येतच नाही असं नाही, पण उशिरा येतो आणि सावकाश पसरतो. आपल्याला तेवढंच हवं असतं. भुरीचं वेगळं, तिला ओल लागत नाही, सावलीत दाटी झाली की येते. तिच्यासाठी गंधक वापरणार असाल तर तापत्या उन्हात काकडीवर मारू नका, पान करपतं.

किडीसाठी दाराला दुहेरी पडदा, पिवळे आणि निळे चिकट सापळे. सापळ्यावरच्या माशा आठवड्याला मोजतो, वहीत लिहितो. वाढायला लागल्या की निंबोळी अर्क, किंवा संध्याकाळी हवेत ओल असताना लेकॅनी. तेही बिल आणि लेबल असलेलंच. हल्ली "बायो" लिहिलेल्या बिनलेबलच्या बाटल्या खूप फिरतात. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एका रात्रीत सगळी माशी पडली तर समजून घ्या, ते बायो नव्हतं.

रासायनिक अजिबात वापरत नाही असं मी म्हणत नाही. कळी लागायच्या आधी, पहिल्या महिन्यात, गरज पडली तर वापरतो. तेही माहितीपत्रकावर काकडीचं नाव असेल तरच. तोड्यात असताना मागच्या दोन वर्षांत एकदाच मारावं लागलं, ढगाळ हवेत केवडा उसळला तेव्हा. लेबलवर पाच दिवस होते. आदल्या दिवशी होतं ते सगळं तोडून घेतलं, मग फवारलं. पाच दिवसांत पोसलेल्या काकड्या सहाव्या दिवशी तोडून खड्ड्यात पुरल्या. म्हशीलाही टाकल्या नाहीत, दूध आपणच पितो. मंडळी म्हणाल्या, "अहो, एवढा माल मातीत?" जीव माझाही तुटला. पण त्या क्रेटची किंमत मी फवारणीच्या खर्चात धरतो. ती धरली की पंप उचलण्याआधी माणूस दहा वेळा विचार करतो. शेड्यूलमध्ये ही किंमत कधी लिहिलेली नसते, म्हणून ते स्वस्त वाटतं.

आणि फवारणाऱ्याचं काय? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन आपली माणसं गेली. ते उघडं रान होतं. आपण दुपारी, बंद जाळीत, डोक्यावर गेलेल्या वेलींखाली उभं राहून, तोंडाला रुमाल बांधून फवारतो. वेलीवरचं सगळं तोंडावर येतं. मला स्वतःला एकदा शेडमध्ये चक्कर येऊन खाली बसावं लागलंय. मजुराला तसं झालं तर तो सांगतही नाही, हजेरी कापतील म्हणून.

मोठ्या शेडवाल्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. "तुझा गुंठा, आमचे दहा. बँकेचा हप्ता आहे. एक क्रेट पुरायला तुला परवडतं." यात खोटं काही नाही. बाजारात माझ्या काकडीला एक रुपया जास्त मिळत नाही, हेही खरं. क्रेटवर कोणी लिहून ठेवत नाही की हिने पाच दिवस पाळले. माझा माल गावातच जातो, दोन खानावळी आणि आजूबाजूची घरं, म्हणून माझं निभतं. दहा गुंठ्यांच्या दोस्ताला मी विषारी म्हणत नाही. तो माझ्यापेक्षा चांगला शेतकरी आहे, वेली त्याच्याच जास्त देखण्या. पण बी, मुळं, दाटी, कोळी यांचा हिशोब दहा गुंठ्यांना दहापट लागू होतो. माझे अकरा फवारे वाया गेले ते गुंठ्याचे होते, त्याचे किती जात असतील?

सल्ला देणाऱ्या मंडळींना माझी एकच मागणी आहे. शेड्यूल छापायचंच असेल तर औषध आणि मात्रा यांच्या शेजारी तिसरा रकाना छापा: यानंतर तोडा किती दिवसांनी. द्राक्षाला जमतं ते काकडीला का जमू नये? तो रकाना भरायला बसलात की तुमच्या निम्म्या फवारण्या तुम्हीच खोडाल. आणि शेतकरी "फळ गळतंय" म्हणत आला तर बाटली काढायच्या आधी विचारा, बी कोणतं लावलंय आणि जाळी आहे का. "वेली सुकतात" म्हणाला तर म्हणा, एक उपटून घेऊन ये.

पुढच्या रविवारी माझ्या ट्रेमधली रोपं शेडमध्ये जातील. लागवडीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत वहीचं पान दर आठवड्याला इथं टाकीन, फवारणी झाली तर तारखेसकट. कोणाला चूक दिसली तर उघड सांगा.

हे सगळं टाकायच्या आधी लाल चिंधीवाल्या दोस्ताला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टाक. पण माझं अन् गावाचं नाव टाकू नको." टाकलेलं नाही.